सागरी सस्तन प्राणी व सागरी पक्षी

सागरी सस्तन प्राणी व सागरी पक्षी : ज्यांचे पूर्वज जमिनीवर राहणारे होते, परंतु जे स्वतः आपले अन्न पूर्णतः किंवा बहुतांशी समुद्रातून मिळवितात, अशा सस्तन प्राण्यांना व पक्ष्यांना या संज्ञा लावतात. वर्गीकरणविज्ञानाच्या दृष्टीने हे एकसंध गट नाहीत. निरनिराळ्या गणांतील प्राण्यांनी स्वतंत्रपणे समुद्राचा आश्रय केल्यामुळे त्यांच्यात साम्य निर्माण झालेले आहे. सागरी सस्तन प्राण्यांत देवमासे, डॉल्फिन व शिंशुक यांचा सीटेसिया गण, ड्यूगाँग व मॅनाटी यांचा सायरेनिया गण आणि मांसाहारी गणातील सील, सागरी सिंह, वॉलरस, सागरी पाणमांजर व ध्रुवीय अस्वल यांचा समावेश होतो. सागरी पक्ष्यांच्या सु. ३५० जाती मानल्या जातात. पेंग्विन, अल्बट्रॉस, पेट्रेल, बूबी, कुरव, सुरय, स्कुआ, फ्रिगेट पक्षी, ऑक आणि पाणकावळ्यांपैकी काही जाती या त्यांतील प्रमुख होत.

या सर्व प्राण्यांत दोन गोष्टी समान आहेत : ते फुप्फुसांनी हवेतील ऑक्सिजन घेतात आणि शरीराचे तापमान कायम राखतात. माशाला समुद्र हे स्वाभाविक घर आहे. या प्राण्यांना मात्र तेथे श्वास, ऊब आणि गोडे पाणी या तिन्ही गोष्टींची तरतूद स्वतःच करावी लागते. शिवाय अन्न समुद्रात सर्वत्र सारखे पसरलेले नसते. विस्तीर्ण पाण्यात ते ठिकठिकाणी दाटलेले असते व ती ठिकाणे ऋतुमानानुसार बदलतात. या चार अडचणींतून या प्राण्यांनी काढलेले मार्ग हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे.

उगम : देवमाशांच्या क्रमविकासाचा सर्वांत जुना पुरावा भारतीय उपखंडात मिळतो. सु. ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड व आशिया यांच्या दरम्यान टेथिस समुद्राचे उथळ फाटे होते व त्यांच्या काठी खूर असलेले लहान प्राणी वावरत होते. काश्मीरमधील कालाकोट परिसरात भारतीय भूवैज्ञानिक अ. रंगाराव यांना सापडलेल्या इंडोहायस या प्राण्याच्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशांप्रमाणे असल्याचे २००७ मध्ये दाखविण्यात आले. कच्छमधील शिलास्तरांतून आद्य देवमाशांचे अनेक जीवाश्म मिळाले असून त्यांचे वर्णन अशोक सहानी व विजय प्रकाश मिश्र यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. मागील पाय हळूहळू लोपणे, पुढील पायांची वल्ही होणे आणि नाकपुड्या माथ्याकडे सरकणे हे टप्पे अशा जीवाश्मांत क्रमाने पाहता येतात. देवमाशांचा आजचा सर्वांत जवळचा भूचर नातलग पाणघोडा होय. माशाची शेपटी उभी असून डावी-उजवीकडे हलते, तर देवमाशाची आडवी असून वर-खाली हलते. हा फरक धावणाऱ्या चतुष्पादाच्या पाठीच्या कण्याची हालचाल वारशाने आल्यामुळे पडलेला आहे.

श्वसन व बुडी : देवमासा पृष्ठभागावर येऊन माथ्यावरील श्वसनरंध्रातून जोराने उच्छ्वास सोडतो. त्या वेळी उडणारा फवारा हा पोटातील पाण्याचा नसून दमट उच्छ्वासाचा असतो. विश्रांत स्थितीतील मनुष्य एका श्वासात फुप्फुसातील हवेचा थोडासाच भाग बदलतो. देवमासे व डॉल्फिन तिचा बहुतेक सर्व भाग बदलतात. तथापि लांब बुडीसाठी लागणारा ऑक्सिजन मुख्यतः फुप्फुसात साठविलेला नसतो. तो रक्तातील हीमोग्लोबिनाशी व स्नायूंतील मायोग्लोबिनाशी संयुक्त झालेला असतो. सखोल बुडी मारणाऱ्या जातींचे मांस या रंगद्रव्यामुळे काळपट दिसते. मायोग्लोबिनाची त्रिमितीय संरचना जॉन केंड्रू यांनी १९५८ मध्ये प्रथम उलगडली, ती स्पर्म देवमाशाच्या स्नायूंतील मायोग्लोबिनावरूनच होय. सील तर बुडी मारण्यापूर्वी उच्छ्वास सोडून फुप्फुसे बरीच रिकामी करतो. खोल पाण्याच्या दाबाने नायट्रोजन रक्तात विरघळून पुढे त्याचे बुडबुडे होण्याचा धोका त्यामुळे कमी होतो.

बुडीच्या वेळी हृदयाचे ठोके मंदावतात आणि त्वचा, आतडी व वृक्क (मूत्रपिंडे) यांकडील रक्तप्रवाह आखडला जाऊन उपलब्ध ऑक्सिजन मेंदू व हृदय यांच्यासाठी राखला जातो. निळ्या देवमाशाच्या शरीरावर उपकरण चिकटवून केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात बुडीच्या वेळी ठोके मिनिटाला २ पर्यंत खाली आल्याचे व पृष्ठभागावर आल्यानंतर ३७ पर्यंत वाढल्याचे आढळले. क्यूव्हिअरचा चोचवाला देवमासा २,९९२ मी. खोलीपर्यंत गेल्याची नोंद आहे. पक्ष्यांत एम्परर पेंग्विन ५०० मी.हून अधिक खोल जातो. उडणाऱ्या पक्ष्यांची हाडे पोकळ व हलकी असतात. पेंग्विनाची हाडे भरीव असल्यामुळे त्याला बुडणे सोपे जाते. आकाशात उडण्यास उपयोगी पडणारा गुण पाण्यात अडचणीचा ठरतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

उष्णतेचे रक्षण : पाणी हवेपेक्षा सु. २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. देवमासे व सील यांच्या त्वचेखाली वसेचा जाड थर असतो. तो उष्णता रोखतो, शरीर नितळ आकाराचे करतो व उपासाच्या काळात अन्नसाठा म्हणून उपयोगी पडतो. वल्हे व शेपटी यांवर असा थर नसतो. तेथे शरीराबाहेर जाणाऱ्या उष्ण रक्ताच्या रोहिणीभोवती आत येणाऱ्या थंड रक्ताच्या नीलांचे जाळे असते. बाहेर जाणारे रक्त आपली उष्णता परतणाऱ्या रक्ताला देते व ती वाया जात नाही. पक्ष्यांच्या पायांतही अशीच योजना असते. सागरी पाणमांजराला वसास्तर नसतो; त्याचे काम दाट लोकर व तीत अडकलेली हवा करते.

पक्ष्यांना ऊब देणारी हवा पिसांत अडकलेली असते. चोचीने पिसे विंचरल्यामुळे व तेल ग्रंथीतील स्राव लावल्यामुळे ती पाण्याने भिजत नाहीत. पाणकावळा हा याला अपवाद आहे. त्याच्या पिसांचा बाहेरचा भाग भिजतो, आतला कोरडा राहतो. त्यामुळे त्याची तरणशक्ती कमी होऊन माशांचा पाठलाग सुलभ होतो. मात्र नंतर पंख पसरून ते वाळवीत बसावे लागते. तलावाकाठच्या वठलेल्या झाडावर पंख पसरून बसलेला पाणकावळा महाराष्ट्रात सर्वत्र दिसतो, त्याचे कारण हेच होय.

लवण व गोडे पाणी : समुद्राच्या पाण्यात सु. ३·५ टक्के लवणे असतात. तहान भागविण्यासाठी मनुष्याने ते प्याल्यास लवणे बाहेर टाकण्यासाठी प्यालेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्च होते व तहान वाढते. देवमासे शक्यतो समुद्राचे पाणी पीत नाहीत. माशांच्या शरीरातील पाणी आणि वसेच्या ऑक्सिडीकरणातून निर्माण होणारे पाणी यांवर ते भागवितात. त्यांचे वृक्क शेकडो लहान पाळींचे बनलेले असते व ते तीव्र मूत्र तयार करू शकते. पक्ष्यांच्या वृक्कांची शक्ती मात्र मर्यादित आहे. मग समुद्रावर महिनोन्‌महिने राहणारे पक्षी जगतात कसे, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. तो क्नूट श्मिट-नील्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७–५८ च्या सुमारास सोडविला. डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथी रक्तातील लवण वेगळे करून सु. ५ टक्के तीव्रतेचा स्राव नाकपुड्यांतून बाहेर टाकतात, असे त्यांना आढळले. कुरवाला त्याच्या वजनाच्या सु. एकदशांश इतके समुद्राचे पाणी पाजले असता सु. ३ तासांत त्यातील बहुतेक लवण बाहेर पडले. कुरवाच्या चोचीच्या टोकाशी लोंबणारा व मान झटकून तो उडवून देत असलेला थेंब हा या लवण ग्रंथींचाच स्राव होय.

सस्तन प्राण्यांचे अन्नार्जन : सीटेसिया गणात अन्न मिळविण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. निळा, ब्राइड, कुबड्या इ. देवमाशांना दात नसतात. वरच्या जबड्यापासून शृंगी द्रव्याच्या झालरीदार पट्ट्या लोंबतात. त्यांना तिमिअस्थी म्हणतात. देवमासा तोंड उघडून भक्ष्यांच्या दाट थव्यात झेप घेतो, घशाच्या घड्या उलगडून प्रचंड पाणी आत घेतो व जिभेने ते बाहेर ढकलताना भक्ष्ये झालरीत गाळून घेतो. या पद्धतीत प्रत्येक झेपेला बरीच ऊर्जा खर्च होते, म्हणून भक्ष्यांचा थवा दाट असेल तरच ती परवडते. पूर्व पॅसिफिक महासागरातील निळे देवमासे ऐन हंगामात दिवसाला सरासरी सु. १६ टन क्रिल खातात, असा अंदाज २०२१ मध्ये करण्यात आला. तो पूर्वीच्या अंदाजांच्या सु. तिप्पट आहे.

डॉल्फिन, शिंशुक व स्पर्म देवमासा यांना दात असतात, परंतु ते भक्ष्य पकडण्यासाठी असून चावण्यासाठी नसतात. गढूळ किंवा काळोख्या पाण्यात डोळ्यांचा उपयोग अल्प असल्याने हे प्राणी ध्वनीचा उपयोग करतात. नासामार्गात निर्माण केलेले टिचकीसारखे आवाज कपाळातील मेदाच्या गोळ्यातून एकवटून पुढे जातात, भक्ष्यावर आदळून परततात आणि खालच्या जबड्यातील मेदातून कानापर्यंत पोहोचतात. पंखहीन शिंशुकाच्या टिचक्यांची कंप्रता सेकंदाला एक लाख आवर्तनांहून अधिक असते; मनुष्याचा कान वीस हजारांपलीकडे ऐकू शकत नाही. स्पर्म देवमासा याच रीतीने खोल समुद्रातील माकुल शोधतो. माकुलाच्या न पचलेल्या चोचींभोवती त्याच्या आतड्यात जो मेणचट पदार्थ जमतो, तो अंबरग्रीस होय. त्याला ‘देवमाशाची उलटी’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी त्याची निर्मिती आतड्यात होते.

ड्यूगाँग मात्र शाकाहारी आहे. उथळ समुद्राच्या तळाशी वाढणारे सागरी गवत तो मुळासकट उपटून खातो. भारतात तो कच्छचे आखात, मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी आणि अंदमान-निकोबार बेटे येथे आढळतो. पाल्कच्या उपसागरात तमिळनाडू शासनाने २०२२ मध्ये त्याच्यासाठी राखीव क्षेत्र जाहीर केले.

पक्ष्यांचे अन्नार्जन : पक्ष्यांना समुद्राचा बहुधा वरचाच थर उपलब्ध असतो, तरीही त्यांच्या पद्धतींत पुष्कळ वैविध्य आहे. बूबी उंचावरून सूर मारतो. त्याच्या बाह्य नाकपुड्या बंद असतात व त्वचेखालील हवेच्या पिशव्या आघात झेलतात. सुरय हवेत क्षणभर स्थिर राहून खाली झेपावतो, पण फार खोल जात नाही. वादळी पेट्रेल पृष्ठभागावर पाय आपटीत, जणू पाण्यावर चालत, प्लवकातील सूक्ष्म प्राणी वेचतो. स्कुआ व फ्रिगेट पक्षी इतरांचा पाठलाग करून त्यांना पकडलेले भक्ष्य टाकावयास लावतात. कुरव मासे, किडे, मेलेले जीव व माणसाने टाकलेले अन्न असे सर्व काही खातो.

अल्बट्रॉस व पेट्रेल यांच्या गणातील पक्ष्यांत घ्राणेंद्रिय विशेष विकसित झालेले असते. प्लवकातील प्राणी सूक्ष्म वनस्पती खात असतात, तेव्हा डायमिथिल सल्फाइड नावाचा वायू हवेत पसरतो. या वासाच्या अनुरोधाने हे पक्षी दूरवरून अन्नाच्या जागी पोहोचतात. समुद्रात तरंगणाऱ्या प्लॅस्टिकवर शेवाळ चढले की, त्यालाही हाच वास येतो, असे २०१६ मध्ये दिसून आले. पेट्रेलांच्या पोटात प्लॅस्टिक सापडण्याचे हे एक कारण असावे. जे ज्ञानेंद्रिय लाखो वर्षे अन्नाकडे नेत आले, तेच आता अपायाकडे नेते.

अन्नाच्या ठिकाणी हे प्राणी एकमेकांना साहाय्यभूत होतात. कुपा मासे व डॉल्फिन लहान माशांचे थवे खालून वर रेटतात आणि वरून सुरय व बूबी त्यांवर तुटून पडतात. लक्षद्वीपमधील कोळी पक्ष्यांच्या अशा घिरट्यांवरूनच कुप्याचा माग काढतात.

अरबी समुद्र व कोकण किनारा : अरबी समुद्राची सुपीकता नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर अवलंबून आहे. या वाऱ्यांमुळे सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यांलगत आणि काही अंशी भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगत तळाचे थंड, पोषकद्रव्ययुक्त पाणी वर येते. त्यामुळे सूक्ष्म वनस्पती, त्यांवर जगणारे प्लवक व पुढे तारली, बांगडा इ. मासे यांची समृद्धी होते. अन्य महासागरांतील कुबडे देवमासे ध्रुवाकडील थंड समुद्रात अन्न खातात व प्रजननासाठी उष्ण समुद्रात येतात. अरबी समुद्रातील कुबडे देवमासे मात्र असे दूरचे स्थलांतर न करता वर्षभर येथेच राहतात, याचे कारण ही समृद्धी होय. हा समूह अत्यंत लहान आहे. ओमानजवळ त्यांची संख्या शंभराहून कमी असल्याचा अंदाज आहे. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये सोव्हिएट जहाजांनी अरबी समुद्रात दोनशेहून अधिक कुबडे देवमासे बेकायदेशीरपणे मारले. या समूहाच्या आहाराविषयीची बरीचशी माहिती त्या प्राण्यांच्या जठरांतूनच मिळाली, ही खेदाची गोष्ट आहे. २०१७ च्या अखेरीस ओमानजवळ उपग्रह-संदेशक बसविलेली एक मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याजवळ व तेथून भारताच्या दक्षिण टोकाकडे गेली. दोन्ही किनाऱ्यांवरील देवमासे एकाच समूहाचे असल्याचे त्यावरून स्पष्ट झाले.

कोकणच्या किनाऱ्याजवळ नेहमी दिसणाऱ्या जाती दोन आहेत. सूसा प्लंबिया या शास्त्रीय नावाचा शिशाच्या रंगाचा कुबड्या डॉल्फिन खाड्यांच्या मुखांशी, सामान्यतः २० मी.पेक्षा कमी खोल पाण्यात, लहान कळपाने राहतो व बोय, ढोमा, तारली इ. मासे खातो. पंखहीन शिंशुक हा दुसरा प्राणी. त्याला मराठीत भुलगा असे नाव आहे. याच्या पाठीवर पर नसतो, डोके बोथट असते व लांबी सु. दीड मी. असते. तो मासे, कोळंबी व माकुल खातो आणि लाजाळू असल्याने क्वचितच नजरेस पडतो. खोल पाण्यात ब्राइडचा देवमासा व निळा देवमासा यांचा वावर आहे. २०१५ मध्ये सिंधुदुर्ग किनाऱ्याजवळ निळा देवमासा दिसल्याची नोंद झाली. श्रीलंकेजवळील निळे देवमासे क्रिलऐवजी मुख्यतः सर्जेस्टिड कुलातील कवचधारी खातात असे आढळले आहे. कोकणात वाळवून खाल्ला जाणारा जवळा याच कुलातील होय. जगातील सर्वांत मोठा प्राणी व कोकणी कुटुंब यांच्या ताटांत अशा रीतीने एकाच कुलातील जीव असतात.

पक्ष्यांपैकी वेंगुर्ल्यासमोरील वेंगुर्ला खडक ही बेटे सुरयांच्या वीणवसाहतींसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांचा उल्लेख ए. ओ. ह्यूम यांनी एकोणिसाव्या शतकात केला व हुमायुन अब्दुलअली यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी तेथील सुरय व पाकोळ्या यांविषयी लेख प्रसिद्ध केले. अंटार्क्टिकाच्या परिसरात वीण करणारा विल्सनचा वादळी पेट्रेल तेथील हिवाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, अरबी समुद्रावर येतो. जून ते ऑगस्ट या काळात वादळी वाऱ्याने थकलेले बूबी व सुरय मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यांवर पडलेले आढळतात.

सोलापूर जिल्ह्यातील जलाशय : सोलापूर जिल्हा समुद्रापासून दूर, पर्जन्यछायेच्या अवर्षणप्रवण प्रदेशात आहे. तरीही सागरी पक्ष्यांच्या कुलांतील पक्षी येथे पाहावयास मिळतात. माढा तालुक्यात उजनी येथे भीमा नदीवर बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवणक्षमता सु. ११७ अब्ज घनफूट असून फुगवटा करमाळा तालुक्यापासून पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुका व भिगवणपर्यंत पसरतो. हिवाळ्यात येथे तपकिरी डोक्याचा कुरव, काळ्या डोक्याचा कुरव व आकाराने मोठा पल्लास कुरव हे पाहुणे येतात. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख व तिबेटच्या उंच पठारावरील सरोवरांकाठी वीण करतो. म्हणजे सागरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पक्ष्याचे जन्मस्थान समुद्रापासून अतिशय दूर असते. समुद्रावर राहणाऱ्या पक्ष्यांत मोठ्या असलेल्या लवण ग्रंथी गोड्या पाण्यावर राहणाऱ्यांत लहान राहतात व खाऱ्या पाण्याशी संबंध येताच पुन्हा वाढतात. या लवचिकपणामुळे एकाच जातीला समुद्र, खाडी व दख्खनचा जलाशय ही तिन्ही ठिकाणे मानवतात.

याच जलाशयावर येणारा रोहित पक्षी काटेकोर अर्थाने सागरी नाही, परंतु अन्नार्जनाच्या दृष्टीने त्याचे देवमाशांशी विलक्षण साम्य आहे. रोहित आपली वाकडी चोच उलटी करून चिखलपाण्यात घालतो. जाड जीभ दट्ट्याप्रमाणे मागेपुढे हलून पाणी आत-बाहेर करते व चोचीच्या कडांवरील बारीक पट्टिकांत सूक्ष्म जीव अडकतात. तिमिअस्थीने अन्न गाळणाऱ्या देवमाशाचे तोंड व रोहिताची चोच यांची ठेवण एकाच तत्त्वावर आहे. पाण्यात विखुरलेले बारीक अन्न मोठ्या प्रमाणात कसे गोळा करावे, या एकाच प्रश्नाला एका सस्तन प्राण्याने व एका पक्ष्याने स्वतंत्रपणे दिलेले हे एकच उत्तर होय. अशा साम्यास अभिसारी क्रमविकास म्हणतात. सोलापूरच्या विद्यार्थ्याला समुद्रावर न जाताही त्याचे निरीक्षण करता येते.

रोहितांना उथळ पाणी व उघडा चिखल लागतो. त्यामुळे धरण काठोकाठ भरलेले असते, त्या काळात ते कमी दिसतात व पाणी ओसरू लागले म्हणजे वाढतात. पावशा, पाणकावळे, सुरय व हिवाळी पाहुणी मीनखाई घार यांपैकी पहिला वगळता बाकीचे पक्षी जलाशयातील माशांवर जगतात. मीनखाई घारीचे बाहेरील बोट मागे वळू शकते व तळव्यावर काटेरी खवले असतात, त्यामुळे निसटता मासा पकडीतून सुटत नाही. पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील सांडपाणी मुळा, मुठा व पवना नद्यांतून भीमेत व पुढे या जलाशयात येते. सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचाही हाच स्रोत आहे. पक्ष्यांचे अन्न व माणसाचे पाणी येथे एकाच जलाशयावर अवलंबून आहे, हे ध्यानात घेतल्यास त्याच्या शुद्धतेचा प्रश्न केवळ पक्षिप्रेमींचा उरत नाही.

मानवाशी संबंध व संरक्षण : सागरी सस्तन प्राणी व सागरी पक्षी यांचे आयुष्य दीर्घ व प्रजननाचा वेग मंद असतो. देवमाशाची मादी दोन-तीन वर्षांतून एका पिल्लास जन्म देते. अनेक सागरी पक्षी वर्षाला एकच अंडे घालतात. प्रौढ प्राणी दीर्घकाळ जगतील, या गृहीतावरच ही जीवनपद्धती आधारलेली आहे. त्यामुळे प्रौढांचे थोडेसे अधिक मृत्यूही समूहाला खाली खेचतात. याउलट, लाखो अंडी घालणाऱ्या माशांचे समूह अनुकूल परिस्थितीत लवकर सावरू शकतात.

आज भारतीय किनाऱ्यावर शिंशुक व डॉल्फिन यांना सर्वांत मोठा धोका शिकारीचा नसून जाळ्यांत नकळत अडकण्याचा आहे. नायलॉनच्या बारीक धाग्यापासून ध्वनी फारच क्षीण परावर्तित होतो. त्यामुळे गढुळातही मासा अचूक हेरणाऱ्या भुलग्याला जाळे वेळीच उमगत नाही आणि श्वासासाठी वर येता न आल्याने तो गुदमरून मरतो. दुसऱ्या बाजूने, जाळ्यातील मासे खाण्यासाठी आलेले डॉल्फिन जाळी फाडतात व लहान मच्छीमारांचे नुकसान होते, ही सिंधुदुर्गातील मच्छीमारांची तक्रारही खरी आहे. हे दोन्ही विचारात घेऊन महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये एक योजना सुरू केली. संरक्षित सागरी प्राणी अडकल्यास जाळे कापून त्याला जिवंत सोडणाऱ्या मच्छीमारास, छायाचित्राचा पुरावा दिल्यावर, २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची तरतूद तीत आहे.

किनाऱ्यावर येऊन पडणारे देवमासे हा दुसरा प्रश्न आहे. जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातील रेवदंडा येथे निळा देवमासा व जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतील जुहू येथे ब्राइडचा देवमासा किनाऱ्यास लागला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळे येथे आलेल्या पिल्लास सु. ४० तासांच्या खटपटीनंतर खोल पाण्यात नेण्यात आले. पाण्यात ज्याचे वजन पेलले जाते, त्या प्राण्याची फुप्फुसे वाळूवर स्वतःच्याच भाराखाली दबतात आणि थंडीपासून रक्षण करणारा वसास्तर उन्हात त्याला भाजून काढतो. म्हणून अशा वेळी गर्दी न करता वन विभागास तत्काळ कळवावे, त्वचेवर ओले कापड घालून पाणी शिंपडत राहावे, श्वसनरंध्रात पाणी व वाळू जाऊ देऊ नये आणि शेपटीला दोर बांधून ओढू नये.

सीटेसिया गणातील प्राण्यांना वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीनुसार संरक्षण आहे. त्यामुळे अंबरग्रीस बाळगणे व विकणे हाही गुन्हा ठरतो. आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने १९७९ मध्ये हिंदी महासागर हे देवमाशांचे अभयारण्य जाहीर केले व महाराष्ट्रात मालवण येथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य स्थापन झाले. परंतु हे प्राणी सीमा ओळखीत नाहीत. ओमानची मादी गोव्याला येते, लडाखचा कुरव उजनीला उतरतो व अंटार्क्टिकाचा पेट्रेल कोकणासमोर अन्न शोधतो. अन्नाच्या मागे चाललेल्या या प्रवासातील एक दुवा तुटला, तरी त्याचे परिणाम दूरवर जाणवतात. त्यामुळे त्यांचे रक्षण हे किनाऱ्यावरील मच्छीमारापासून नदीच्या वरच्या अंगाच्या नगरापर्यंत सर्वांच्या वर्तनावर अवलंबून राहते.